व्हीलचेअरसाठी घराचे प्रवेशद्वार: रॅम्प, लिफ्ट की आणखी काही? निवड कशी करावी

अर्धांगवायू, मांडीच्या हाडाचे फ्रॅक्चर, मणक्याची इजा, पाय कापावा लागणे किंवा वाढत गेलेला पार्किन्सन्स, अशा कोणत्याही कारणाने घरात व्हीलचेअर येते. खुर्ची कोणती घ्यावी याची चौकशी सगळे करतात. ती दारातून बाहेर कशी जाणार, हा प्रश्न मात्र अनेकदा पहिल्या तपासणीला जायच्या दिवशी समोर येतो. दाराबाहेर तीनच पायऱ्या असतात, पण त्या उतरायला शेजारच्या दोन मुलांना हाक मारावी लागते. पुढच्या वेळी मुले घरी नसतात. मग तपासणी पुढे ढकलली जाते, फिजिओथेरपी चुकते आणि हळूहळू रुग्ण घराबाहेर पडणेच बंद करतो.

म्हणून प्रवेशद्वाराची सोय हा केवळ बांधकामाचा विषय नाही. बाहेर न पडणाऱ्या रुग्णाचे स्नायू लवकर क्षीण होतात, ऊन मिळत नाही, मन खचते. दुसरीकडे, उचलून नेताना होणाऱ्या इजाही कमी नसतात. अर्धांगवायू झालेल्या बाजूचा हात धरून ओढल्यास खांदा निसटू शकतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना घट्ट पकडल्यानेही फ्रॅक्चर होऊ शकते. आणि उचलणाऱ्याची कंबर जाते, ती वेगळीच.

हा लेख घराच्या दारासाठी योग्य साधन निवडायला मदत करण्यासाठी आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- साधन निवडण्याआधी उंची मोजा. पायऱ्यांची संख्या पुरेशी नाही.
- रॅम्पसाठी सोपा हिशेब: १ इंच उंचीला १ फूट लांबी. यालाच १:१२ चा उतार म्हणतात.
- विचार दोघांचा करा: खुर्चीत बसणाऱ्याचा आणि खुर्ची ढकलणाऱ्याचा.
- आजार बरा होणारा आहे, स्थिर आहे की वाढणारा आहे, त्यावर तात्पुरते की कायमचे साधन हे ठरवा.
- रोज घरातल्या एकाच माणसाला, कोणालाही न बोलावता आणि न घाबरता वापरता येईल, तेच साधन योग्य.

पहिला प्रश्न: खुर्ची कोण ढकलणार?

दुकानात गेल्यावर चर्चा रुग्णाच्या वजनाची होते. ढकलणाऱ्याबद्दल कोणी विचारत नाही. बहुतेक घरांत दिवसभर रुग्णाजवळ असते ती पत्नी किंवा पती, म्हणजे साठी-सत्तरीतली व्यक्ती. तिला स्वतःला गुडघेदुखी, रक्तदाब किंवा हृदयविकार असू शकतो.

एक हिशेब पाहा. रुग्णाचे वजन ७० किलो आणि साध्या घडीच्या व्हीलचेअरचे १८ किलो धरले, तर एकूण ८८ किलो होतात. चाकांचे घर्षण बाजूला ठेवले तरी,

- १:१२ च्या चढावर साधारण ७ किलोचा जोर सतत लावावा लागतो.
- १:६ च्या चढावर तो १४ ते १५ किलो होतो.
- १:४ च्या चढावर तो २१ किलोच्या आसपास जातो, म्हणजे पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार अंगावर पेलून धरल्यासारखे.

उतरताना हाच जोर उलट्या दिशेने, खुर्ची रोखून धरायला लागतो. हात सुटला तर खुर्ची रुग्णासह खाली जाते. तरुण मुलाला सहज जमणारा चढ आईला जमेलच असे नाही, आणि मुलगा दिवसा कामावर असतो. त्यामुळे घरात दिवसा जो माणूस असतो, त्याच्या ताकदीनुसार साधन ठरवा. त्या व्यक्तीला छातीत दुखणे, धाप लागणे किंवा अलीकडे झालेली अँजिओप्लास्टी असेल, तर ते आम्हा डॉक्टरांना आवर्जून सांगा.

रुग्ण स्वतः हाताने चाके फिरवत असेल, तर खांद्यांवर येणारा ताणही लक्षात घ्या. मणक्याच्या इजेनंतर आयुष्यभर खांदेच पायांचे काम करतात. अशा रुग्णासाठी १:१२ पेक्षाही सौम्य उतार, शक्य असल्यास १:१५ किंवा १:२०, जास्त चांगला.

दुसरा प्रश्न: आजाराची वाटचाल कशी आहे?

काही आठवड्यांचा प्रश्न: खुब्याच्या किंवा पायाच्या फ्रॅक्चरनंतर अनेकांना काही आठवडे ते तीन महिने व्हीलचेअर लागते. इथे सिमेंटचे काम करू नका. उचलून ठेवता येणारा रॅम्प भाड्याने घ्या किंवा दुसऱ्या कोणाचा वापरा.

अर्धांगवायू: बरीचशी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते. पहिल्याच महिन्यात मोठा खर्च करण्याऐवजी तात्पुरती सोय करा. त्यानंतर फिजिओथेरपिस्टशी बोलून कायमचा निर्णय घ्या. काही रुग्ण पुढे काठी घेऊन चालू लागतात. त्यांना रॅम्पपेक्षा कमी उंचीच्या पायऱ्या आणि भक्कम कठडा अधिक उपयोगी पडतो. हा कठडा उतरताना आणि चढताना बऱ्या हाताच्या बाजूला यायला हवा, म्हणून तो दोन्ही बाजूंना बसवा.

मणक्याची कायमची इजा: इथे पहिल्यापासूनच कायमस्वरूपी सोय करणे योग्य ठरते. रुग्णाला एकट्याने ये-जा करता येणे हे उद्दिष्ट ठेवा.

वाढत जाणारे आजार: मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मोटर न्यूरॉन आजार, पुढच्या टप्प्यातला पार्किन्सन्स. आज साधी खुर्ची असली तरी पुढे बॅटरीवरची खुर्ची लागू शकते. ती रुग्णासह दीडशे किलोच्या वर सहज जाते. रॅम्पची रुंदी, वळायची जागा आणि वजन पेलण्याची क्षमता त्या खुर्चीनुसार ठेवा.

पाय कापलेले रुग्ण: दोन्ही पाय गेले असतील तर शरीराच्या वजनाचा तोल मागे सरकतो. चढावर खुर्ची मागे उलटण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णाच्या खुर्चीला मागे उलटू न देणारी छोटी चाके हवीत, किंवा मागची चाके थोडी मागे घेतलेली हवीत. रॅम्प बांधण्याआधी हे बघून घ्या.

मोजमाप: टेप घेऊन अर्धा तास द्या

दुकानात किंवा गवंड्याकडे जाण्याआधी खालच्या गोष्टी मोजून कागदावर लिहा. सोबत मोबाइलवर फोटो आणि छोटा व्हिडिओ काढा. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊ शकत नसतील, तर त्यांना हेच दाखवता येते.

१. एकूण उंची: बाहेरच्या जमिनीपासून घरातल्या फरशीपर्यंतची उभी उंची. उंबरठा वेगळा मोजा. अंगण उतरते असेल तर रॅम्प जिथे संपणार त्या ठिकाणापासून उंची धरावी लागते. गवंड्याकडच्या पाण्याच्या लेव्हल नळीने हे अचूक मोजता येते.

२. उपलब्ध लांबी: दारापासून फाटकापर्यंत आणि घराच्या भिंतीला समांतर, दोन्ही दिशांना.

३. दाराची निव्वळ रुंदी: चौकटीची नको, दार उघडल्यावर प्रत्यक्ष मोकळी राहणारी जागा मोजा. साध्या व्हीलचेअरची बाहेरून रुंदी साधारण २४ ते २६ इंच असते आणि दोन्ही बाजूंना हातांना जागा लागते. त्यामुळे किमान ३२ इंच मोकळे हवेत, ३६ इंच असतील तर उत्तम. जुन्या घराला दोन पाखांचे दार असेल तर दोन्ही पाखे उघडून मोजा.

४. दारासमोरची सपाट जागा: इथे ५ फूट लांब-रुंद जागा असेल तर खुर्ची पूर्ण वळते. बाहेर उघडणारे सेफ्टी डोअर, चपलांचे कपाट, कुंड्या यांनी किती जागा अडवली आहे तेही बघा. रॅम्पच्या चढावर उभे राहून कुलूप उघडायची वेळ येऊ नये.

५. उंबरठा: अर्ध्या इंचापेक्षा जास्त उंच असेल तर पुढची छोटी चाके त्याला अडतात आणि रुग्ण पुढे फेकला जाऊ शकतो.

उंचीचा हिशेब असा करा. ६ इंचांची एक पायरी असेल तर ६ फुटांचा रॅम्प. तीन पायऱ्या, म्हणजे १८ इंच असतील तर १८ फुटांचा. जोते २ फूट उंच असेल तर २४ फूट. हा आकडा ऐकून बहुतेक जण दचकतात, आणि तिथेच उतार तीव्र करण्याचा मोह होतो. तो टाळा. लांबी बसत नसेल तर रॅम्प वळवता येतो किंवा दुसरे साधन घेता येते.

कोणते साधन कशासाठी?

उंबरठ्याची उतरती पट्टी

रबराची किंवा अॅल्युमिनियमची ही पट्टी एक-दोन इंचांच्या उंबरठ्यासाठी असते. सर्वात स्वस्त आणि कुठलीही तोडफोड न करता बसणारी. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना लागते का ते पाहा, कारण अनेकदा आतल्या बाजूची पट्टी विसरली जाते. ती जागेवर घट्ट बसलेली हवी. सरकणारी पट्टी चालणाऱ्यांनाही पाडते.

घडीचा किंवा उचलून नेता येणारा रॅम्प

अॅल्युमिनियमचा, सुटकेससारखा मधोमध दुमडणारा रॅम्प एक-दोन पायऱ्यांसाठी योग्य आहे. भाड्याच्या घरासाठी, तात्पुरत्या गरजेसाठी आणि जिथे सोसायटीच्या सामायिक जागेत कायमचे काम करता येत नाही तिथे तो सोयीचा. मात्र सहा फुटी रॅम्पचे वजन १५ ते २० किलो असू शकते. तो रोज कोण उचलणार, हे आधी ठरवा. काही माहितीपत्रकांत १:१२ पेक्षा तीव्र उतार चालतो असे लिहिलेले असते. तो ताकदवान मदतनीस सोबत असताना आणि थोड्याच अंतरासाठी असतो, रोजच्या वापरासाठी नाही.

दोन वेगळ्या पन्हाळींसारखा रॅम्पही मिळतो. हलका असतो, पण दोन्ही बाजूंची चाके त्यात अचूक बसावी लागतात आणि ढकलणाऱ्याला मधल्या पायऱ्यांवरून चालावे लागते. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीसाठी तो नको.

घेताना बघा: वरच्या टोकाला पायरीवर पक्के बसणारे ओठ, दोन्ही कडांना उभी पट्टी, खरखरीत पृष्ठभाग आणि वजनाची लिहिलेली मर्यादा. रुग्ण, खुर्ची आणि ढकलणारा या तिघांचे वजन एकत्र धरून त्यापेक्षा ती बरीच जास्त हवी.

कायमचा रॅम्प: सिमेंटचा किंवा लोखंडी

बंगला, रो-हाउस, गावचे घर, सोसायटीचे प्रवेशद्वार यांसाठी हा सर्वात भरवशाचा पर्याय. वीज लागत नाही, बिघडत नाही आणि वॉकर वापरणारे, बाळाची गाडी नेणारे, गॅसचा सिलिंडर आणणारे अशा सगळ्यांच्या उपयोगी पडतो. गवंड्याला पुढील गोष्टी लिहून द्या.

- उतार १:१२ पेक्षा तीव्र नको.
- मोकळी रुंदी घरासाठी किमान ३ फूट. सोसायटी किंवा सार्वजनिक जागेसाठी ४ फूट.
- वर, खाली आणि प्रत्येक वळणावर ५ फुटांची सपाट जागा. रॅम्प लांब असेल तर मध्येही सपाट टप्पा द्या, म्हणजे थांबून दम घेता येतो. सलग ३० फुटांहून लांब चढ ठेवू नका.
- दोन्ही बाजूंना कठडे, साधारण ३० ते ३६ इंच उंचीवर.
- उघड्या कडेला दोन-तीन इंचांची उभी कड, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही.
- पृष्ठभाग खरखरीत. पॉलिश केलेला कोटा, ग्रॅनाइट किंवा गुळगुळीत टाइल पावसात घसरते. खरबरीत शहाबादी फरशी किंवा आडव्या रेषा ओढलेले सिमेंट चालते. रेषा फार खोल नकोत, नाहीतर खुर्ची हादरते. मणक्याच्या रुग्णांना अशा हादऱ्यांनी पायांत झटके येऊ शकतात.
- रॅम्पच्या तळाशी पाणी साचू नये. गटारावरची जाळी असेल तर तिच्या फटी चाकाच्या दिशेला आडव्या आणि अर्ध्या इंचापेक्षा लहान हव्यात.

कोकणात आणि जास्त पावसाच्या भागात जांभ्यावर आणि सिमेंटवर शेवाळ धरते. पावसाळ्यात आठवड्याला एकदा ताराच्या ब्रशने घासणे हा या साधनाच्या देखभालीचाच भाग समजा. शक्य असेल तर वर पत्रा घाला. लोखंडी रॅम्पला चेकर्ड प्लेट वापरतात. तिला गंजरोधक रंग द्या आणि उन्हात ती खूप तापते हे लक्षात ठेवा. संवेदना नसलेल्या पायांना आणि अनवाणी माणसाला चटका बसू शकतो.

प्लॅटफॉर्म लिफ्ट

रुग्ण व्हीलचेअरवर बसलेलाच राहतो आणि फळी सरळ वर जाते. जोते उंच आहे आणि रॅम्पला जागा नाही, अशा ठिकाणी हा चांगला पर्याय. जागा कमी लागते, पण किंमत, वीज आणि देखभाल हे तिन्ही खर्च येतात. खरेदीपूर्वी विचारा: वीज गेल्यास बॅटरीवर चालते का? हाताने खाली उतरवता येते का? खाली कोणी किंवा काही आल्यास आपोआप थांबते का? फळीला फाटक आहे का आणि ते बंद झाल्याशिवाय लिफ्ट हलत नाही ना? तुमच्या गावात दुरुस्तीला माणूस किती वेळात येतो? महाराष्ट्रात लिफ्टसाठी विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते. तुमच्या साधनाला कोणती मंजुरी हवी, ते कंपनीकडून लेखी घ्या.

जिन्यावर सरकणारी खुर्ची

जिन्याच्या कडेला रूळ बसवून त्यावरून आसन वर जाते. ती घरातल्या जिन्यासाठी सोयीची आहे. प्रवेशद्वारासाठी मात्र एक अडचण आहे: रुग्णाला व्हीलचेअरवरून त्या आसनावर आणि पुन्हा उलट बसावे लागते. वर-खाली दोन खुर्च्या ठेवाव्या लागतात. जो रुग्ण बसल्यावर तोल सांभाळू शकत नाही, ज्याला विस्मरणाचा आजार आहे किंवा उठताना चक्कर येते, त्याच्यासाठी ती सुरक्षित नाही.

पायऱ्या चढणारे बॅटरीचे यंत्र

रणगाड्यासारखे पट्टे असलेले हे यंत्र व्हीलचेअरला जोडून मदतनीस जिना चढवतो. लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींत कुटुंबे याचा विचार करतात. त्यासाठी मदतनीसाला प्रशिक्षण लागते, जिना पुरेसा रुंद आणि वळणांवर सपाट जागा हवी. गोल किंवा तुटक्या पायऱ्यांवर ते चालत नाही. तुमच्याच जिन्यावर, तुमच्याच घरच्या माणसाने आधी रिकामे आणि मग निरोगी माणूस बसवून चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक उदाहरण

समजा, तुमचे रो-हाउस आहे. दाराला तीन पायऱ्या, प्रत्येकी ६ इंच, म्हणजे १८ इंच उंची. दारापासून फाटकापर्यंत १२ फूट अंगण. गवंडी म्हणतो, "सरळ उतार काढून देतो."

आता हिशेब करा. दारासमोर ५ फूट सपाट जागा सोडली तर उतारासाठी ७ फूट उरतात. १८ इंच उंची ७ फुटांत उतरवली तर उतार १:५ पेक्षाही तीव्र होतो. वर दिलेल्या ८८ किलोंच्या हिशेबाने ढकलणाऱ्याला १८ किलोंच्या आसपास जोर लागेल. हा रॅम्प बांधून होईल, पण घरची माणसे तो वापरणार नाहीत.

त्याऐवजी रॅम्प घराच्या भिंतीला समांतर नेता येतो. दारासमोर ५ फूट सपाट, तिथून बाजूला ९ फूट उतार, मग ५ फुटांचे सपाट वळण आणि परत ९ फूट उतार. एकूण उतार १८ फूट, म्हणजे बरोबर १:१२. लांबीला साधारण १९ फूट आणि अंगणातले ८ फूट जातात. ती जागाही नसेल तर प्लॅटफॉर्म लिफ्टचा विचार करा. रुग्णाला घरातून बाहेर काढण्याची गरज महिन्यातून एकदाच असेल आणि दोन सशक्त माणसे खात्रीने मिळत असतील, तर काही काळ तेही चालू शकते. पण डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा जावे लागत असेल, तर माणसांवर विसंबून राहू नका.

सोय होईपर्यंत: पायऱ्यांवरून नेताना

- दोन सशक्त माणसे हवीत. अनुभवी माणूस मागे.
- चढताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे करा. खुर्ची मागे झुकवून मोठ्या चाकांवर एकेक पायरी वर ओढा. उतरताना रुग्णाचे तोंड पायऱ्यांकडे असावे आणि खुर्ची तशीच मागे झुकवलेली राहावी.
- पुढच्या माणसाने खुर्चीची पक्की चौकट धरावी. हात ठेवायचे आधार आणि पाय ठेवायच्या पाट्या अनेक खुर्च्यांना निघतात, त्या धरून उचलू नका.
- निघण्यापूर्वी पट्टा बांधा. पाय पाट्यांवर आहेत आणि लघवीची नळी, पिशवी, साडीचा पदर किंवा शाल चाकात अडकत नाही, हे बघा.
- रॅम्प तीव्र असेल तर उतरताना खुर्ची उलटी करा, म्हणजे ढकलणारा उताराच्या खालच्या बाजूला राहील आणि रुग्णाची पाठ त्याच्याकडे असेल.
- बरेच दिवस झोपून असलेल्या रुग्णाला एकदम बाहेर काढू नका. आधी दहा-पंधरा मिनिटे बसवा. चक्कर, घाम किंवा डोळ्यांसमोर अंधारी आल्यास परत झोपवा.

सोसायटी, परवानग्या आणि आर्थिक मदत

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण बहुधा स्वतःच्या दारात नसते. ती लिफ्टपर्यंतच्या चार पायऱ्यांत असते. त्यासाठी सोसायटीकडे लेखी अर्ज करा. सोबत डॉक्टरांचे पत्र, मोजमापे आणि साधे रेखाचित्र जोडा. पत्रात रुग्णाला व्हीलचेअर का आणि किती काळ लागणार आहे हे स्पष्ट असावे. असे पत्र तुमचे फॅमिली डॉक्टरही देऊ शकतात. जाण्या-येण्याचा आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचा मार्ग अडणार नाही, अशी जागा सुचवली तर परवानगी सोपी होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सुगम्यता आणि गरजेनुसार वाजवी सोय करून देणे ही तत्त्वे मान्य केलेली आहेत. चर्चेने प्रश्न सुटला नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागता येते. पण आधी समितीतल्या ज्येष्ठांशी बोला. इमारतीतल्या आणखी दोन-तीन घरांना रॅम्पची गरज असल्याचे बहुतेक वेळा तेव्हाच कळते.

अपंगत्व कायमचे असेल तर यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. केंद्राच्या एडिप योजनेतून, तसेच दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून व्हीलचेअरसारखी साधने मिळतात. दारातल्या रॅम्पसाठी मात्र ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत चौकशी करा. त्यांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे तज्ज्ञ मार्गदर्शन मिळते. इतरत्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागात विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अंगणात स्कूटर चढवायला उतार केलेला आहे. तोच चालेल का?
बहुधा नाही. स्कूटरचा उतार इंजिनच्या जोरावर चढायचा असतो. तो १:४ किंवा त्याहूनही तीव्र असतो. उंची आणि लांबी मोजून पाहा. लांबी उंचीच्या बारापट नसेल तर तो व्हीलचेअरसाठी वापरू नका.

लाकडी फळी टाकली तर?
नको. फळी सरकते, मधोमध वाकते आणि तिला कड नसते. एका पायरीसाठीसुद्धा वरून अडकवलेला, कड असलेला रॅम्पच वापरा.

दारासमोर पायपुसणे आणि रांगोळी असते. काही अडचण?
जाड पायपुसण्यात पुढची चाके रुततात. सुट्या रांगोळीवर चाक आणि चालणाऱ्याचा पाय दोन्ही घसरतात. पायपुसणे बाजूला घ्या आणि रांगोळी चाकांच्या वाटेबाहेर काढा.

रॅम्प झाल्यावर रुग्णाला लगेच एकट्याला जाऊ द्यावे का?
पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टसमोर किंवा घरच्यांसमोर सराव करू द्या. खुर्चीचे ब्रेक, टायरमधली हवा आणि मागची उलटू न देणारी चाके तपासा. चढताना रुग्णाने अंग थोडे पुढे झुकवावे, उतरताना पाठ टेकवून बसावे.

डॉक्टरांना कधी विचारावे?

रॅम्पवर ये-जा करताना रुग्णाला किंवा ढकलणाऱ्याला छातीत दुखणे, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा चक्कर येत असेल, तर थांबा आणि तपासून घ्या. छातीतले दुखणे थांबल्यावरही राहिले किंवा घाम येऊ लागला तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. खांदा दुखू लागला, पायांतले झटके वाढले, बसायच्या जागी लाली किंवा जखम दिसली, तरी लवकर दाखवा. खुर्ची किंवा उतार बदलण्याची गरज असू शकते.

पुढच्या तपासणीला येताना दाराचे मोजमाप लिहिलेला कागद सोबत आणा. औषधांच्या चिठ्ठीइतकेच तेही डॉक्टरांना दाखवण्यासारखे आहे.